दोन पंख्यांमधली कडी

अखजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला इलेक्ट्रिशियन शिडीवरून खाली उतरला, केसांतली धूळ झटकली आणि म्हणाला, "ये कडी हिल रही है, काका. इसपे पंखा मत टांगो. पहले मिस्त्री बुलाओ."

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनंदाबाई तशाच एक पाऊल मागे सरकल्या. कोणाचं लक्ष गेलं नाही. सगळे माना वर करून छताकडे बघत होते. पंख्याच्या कडीभोवती ताटाएवढा गिलावा निघाला होता, आणि तिथून एक तडा खिडकीच्या दिशेने चांगला तीन हात पळाला होता.

आता उगाच लपवाछपवी कशाला? ती कडी सुनंदाबाईंनीच हलवली होती. वय वर्षं त्रेसष्ट, दोन्ही गुडघ्यांना तेलाचा वास, गल्लीत अत्यंत शांत बाई म्हणून नाव, आणि आदल्या दिवशी दुपारी याच कडीला दोर टाकून या बाई पाऊण तास झोका खेळल्या होत्या. एकट्या नाही. समोरच्या मनकर्णाबाई सोबतीला होत्या, आणि मनकर्णाबाई म्हणजे काही शेवग्याची शेंग नव्हे.

त्याचं झालं असं. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या या घरात खाली सुधाकरराव महाजन आणि त्यांच्या सौभाग्यवती सुनंदाबाई, आणि वर भाडेकरू. वरचे ललित आणि वैशाली चार वर्षं राहून लोधीपुऱ्यात चालले होते, आणि नेपानगरहून बदली होऊन आलेली तेजस्विनी नावाची शिक्षिका त्यांच्या जागी येत होती. ललितने एकोणतीस तारखेला संध्याकाळी आपला पंखा उतरवला, शेवटचं सामान टेम्पोत घातलं आणि किल्ली सुनंदाबाईंच्या हातात ठेवली. तेजस्विनीचा पंखा एक तारखेला लागायचा होता. मधे राहिला तीस एप्रिल. वरचं घर रिकामं, हॉल झाडलेला, आणि छताच्या मधोमध कडी मोकळी. आणि यंदा नेमकी त्याच दिवशी अखजी!

बाहेरगावच्या माणसाला अक्षय्य तृतीया म्हटलं की सोनं आठवतं. आमच्या तापीकाठच्या बाईला अखजी म्हटलं की झोका आठवतो. लेकी माहेरी येतात, पुरणपोळी-आमरस होतो, आणि जेवणं उरकली की कुठल्यातरी फांदीला नाहीतर घरातल्या कडीला दोर पडतो. सुनंदाबाईंचं माहेर रावेरचं. भावाने घर विकून सुरत गाठली त्याला एकोणीस वर्षं झाली, म्हणजे एकोणीस अखज्या बाई जमिनीवरच होत्या. खालच्या घरात कड्या नव्हत्या असं नाही. पण प्रत्येक कडीला पंखा होता, आणि प्रत्येक पंख्याखाली सुधाकरराव.

एकोणतीसच्या संध्याकाळी किल्ली देवाजवळच्या खिळ्याला अडकवताना ती मोकळी कडी सुनंदाबाईंच्या मनात आली, ती काही जाईना. रात्री पोळ्या लाटताना तीच. सकाळी रांगोळी काढताना तीच. तीसला सकाळी तेजस्विनी आली, मुहूर्ताचा कलश ठेवला, दूध उतू घातलं आणि नेपानगरला परत गेली. सुधाकरराव पितरांची घागर भरायला दापोऱ्याला भावाकडे निघाले. "चल," म्हणाले.

"गुडघे दुखताहेत हो," सुनंदाबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

स्कूटर कोपऱ्यावरून वळली न वळली तोच त्यांनी मनकर्णाबाईंना हाक मारली. "दोर आहे का गं तुझ्याकडे?"

"कायले?"

सुनंदाबाईंनी नुसतं बोट वर केलं. मनकर्णाबाईंचा मुलगा केळीचा माल दिल्लीकडे पाठवतो. ट्रकवर ताडपत्री आवळायचे दोर त्यांच्या अंगणात ढिगाने पडलेले. त्यातला एक खांद्यावर टाकून त्या जिना चढल्या तेव्हा त्यांच्या चालण्यात गुडघा नावाचा अवयवच दिसत नव्हता.

स्टुलावर चढून दोर ओवला मनकर्णाबाईंनी. बसायला गोधडीची चौघडी घातली. आधी सुनंदाबाई बसल्या. पहिल्या दोन हेलकाव्यांना डोळे गच्च मिटले, तिसऱ्याला हसू आलं, आणि मग काय विचारता! खिडकीतलं बदामाचं झाड खाली जात होतं, वर येत होतं. मनकर्णाबाई टिपेला सूर लावून अखजीची गाणी म्हणत होत्या आणि विसरलेल्या ओळींच्या जागी नुसतं "हूं हूं हूं" घालत होत्या. मग त्या बसल्या. मग दोघी समोरासमोर बसल्या, आणि इथे चुकलं. वरून खर्रर्र असा आवाज आला आणि मनकर्णाबाईंच्या डोक्यावर शेरभर चुना पडला.

"माय वं!" म्हणून त्या जमिनीवर बसल्या, सुनंदाबाई त्यांच्या अंगावर बसल्या, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर वर पाहिलं तेव्हा हसू आटलं.

गिलावा झाडून बादलीत भरता आला. तडा काही झाडता आला नाही.

"कोनाजवळ नाव नको काढू," मनकर्णाबाई दोर गुंडाळत म्हणाल्या. "छताकडे कोन पाह्यते?"

सुधाकरराव पाहतात, हे त्या विसरल्या. सुधाकररावांनी छत्तीस वर्षं पटवारीपण केलं होतं. वादळ येऊन गेलं की केळीच्या बागेत जायचं, झाडं किती पडली, किती मोडली, किती नुसती वाकली ते लिहायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या. निवृत्त झाले, वादळं हातची गेली, पण पंचनामा सुटला नाही. भाडेकरू बदलला की वरच्या घराचा पंचनामा ठरलेला. तोही शासकीय हिंदीत, कारण त्यांच्या मते मराठीत संसार होतो, कागद होत नाही. रकाने तेच, शेतीचे: वस्तू, स्थिती, नुकसानीचं कारण, आणि शेवटचा रकाना "उत्तरदायी". डिपॉझिट ते घेत नाहीत. कागद घेतात. आणि तो फाइलला लावून पुढच्या प्रत्येक भाडेकरूला कौतुकाने दाखवतात. आठ वर्षांपूर्वी एका कंपाउंडरकडून बेसिन फुटलं होतं. तो बिचारा बदलून खंडव्याला गेला, त्याची मुलं कॉलेजात गेली असतील, पण या घरी त्याचं बेसिन अजून फुटतंच आहे.

त्या फाइलीत आपलं पान लागणार, आणि दर भाडेकरू ते वाचून आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघणार, या विचाराने सुनंदाबाईंची झोप उडाली होती. सकाळपर्यंत त्यांनी ठरवलं होतं की गप्प बसायचं. छत जुनं आहे, पडला असेल गिलावा आपोआप. छतं पडत नाहीत का?

तर आता इलेक्ट्रिशियन शिडी उचलून गेला आणि सुधाकररावांनी खुर्ची हॉलच्या मधोमध ओढली. पुठ्ठ्याला कागद लावला, चष्मा लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं.

"पंच?"

"मी हाये नं, भाऊ," मनकर्णाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. गेली दहा वर्षं या घराच्या पंचनाम्याला पंच त्याच. आज केस धुऊन, अंबाडा घालून अशा निरागस चेहऱ्याने बसल्या होत्या की सुनंदाबाईंना त्यांच्याकडे बघायची चोरी झाली.

"ललित, पंखा कोणी काढला?"

"मीच, काका. दोन नट खोलले, पंखा खाली. कसम से, चिमूटभर चुना पण नाही पडला." ललित जवळच्या शहापूरहून, वैशालीच्या माहेराहून, तिला स्कूटरवर हळूहळू घेऊन आला होता. वैशालीला सातवा महिना. जिन्यात ती तीनदा थांबली होती आणि आता भिंतीला टेकून श्वास घेत होती. "फोटो पण काढणार होतो, पण मोबाइल स्विच ऑफ होता."

"फोटो नाही," सुधाकररावांनी लिहून घेतलं. "तेजस्विनी, तू काल आली होतीस."

"काका, फक्त पंधरा मिनिटं! कलश ठेवला, दूध ठेवलं. मी दुधाकडे बघत होते, छताकडे कोण बघतं?" तेजस्विनी सव्वीस वर्षांची, गणित शिकवणारी, आणि बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हे. "आणि मी अजून एक रात्र पण इथे झोपले नाही. माझ्या नावावर कसं काय येईल?"

"तुझ्या नावावर कोण टाकतंय? पण उद्या तू घर सोडशील, तेव्हा हा तडा कोणाचा, हे आजच ठरलेलं बरं."

"मग 'पहले से है' लिहा ना."

"कधीपासून? माझ्या कागदावर चार वर्षांपूर्वी छत ठीक आहे. खाली सही आहे ललितची. मधे वादळ नाही, गारपीट नाही, भूकंप नाही. एकोणतीसच्या संध्याकाळपर्यंत घर ललितकडे. एक तारखेच्या सकाळपासून तुझ्याकडे. मधल्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?"

"काकूंकडे," ललित म्हणाला.

सुधाकररावांनी मानसुद्धा वर केली नाही. "म्हणजे घर बंद होतं," ते म्हणाले आणि तसं लिहून टाकलं.

बाईंचा जीव आधी भांड्यात पडला. आणि मग कुठेतरी आत चिमटा बसला. हॉलमध्ये सहा माणसं होती. पंखा काढणाऱ्यावर संशय होता, दूध उतू घालणारीवर होता, अगदी इलेक्ट्रिशियनवरसुद्धा थोडा वेळ घेतला गेला होता. किल्ली ज्या बाईकडे होती तिचा विचार कोणाच्या डोक्यात आलासुद्धा नाही. किल्ली तिच्याकडे म्हणजे घर बंद! त्यांना स्वतःचाच राग आला, की सुटलो तरी हे काय वाटतंय?

कप गोळा करायच्या निमित्ताने त्या मनकर्णाबाईंजवळ वाकल्या. "अगं, त्या पोरावर जाईल."

"गप राह्य," मनकर्णाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "दोन दिवसांत इसरतीन सारे."

पण प्रकरण दोन दिवस थांबणारं नव्हतं. लोधीपुऱ्यातलं नवं घर तळमजल्यावरचं होतं. वैशालीला जिने चढायची डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि असं घर शोधायला ललितने दीड महिना गावभर चपला झिजवल्या होत्या. तिथले घरमालक मधुकरराव हे सुधाकररावांचे तहसीलीतले जुने जोडीदार. त्यांनी सामान ओट्यावर ठेवून घेतलं होतं, वर ताडपत्री टाकली होती, आणि किल्ली खिशात ठेवली होती. "सुधाकर म्हणाला माणसं चांगली, की किल्ली तुमची," एवढीच त्यांची अट. साऱ्या बुऱ्हाणपुरात कोणी काहीही सांगो, पण सुधाकरच्या तोंडून खोटं यायचं नाही, हे मधुकररावांना ठाऊक होतं.

सुधाकररावांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग सावकाश लिहिलं, आणि लिहिता लिहिता मराठीत उच्चारलं. "कारण, पंखा उतरवताना बसलेला हिसडा. उत्तरदायी, ललित."

"काका!"

"मी तरी काय करू रे? दुसरं काही दिसत नाही." त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. चार वर्षं हा पोरगा त्यांचं औषध आणून देत होता. पण हिशेब कागदाशी होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मधुकररावच. सुधाकररावांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं. "काय रे सुधाकर, परवापासून सामान पडलंय माझ्या ओट्यावर. गादीवर मांजर व्यायचं राहिलंय फक्त. कशी आहेत माणसं? देऊ का किल्ली?"

"थांब जरा. लिहितोय."

"लिहितोयस काय? काही तोडफोड केली की काय त्यांनी?"

सुधाकररावांनी पेन कागदावर टेकवलं, परत उचललं. ललितचा चेहरा उतरला. तो पुढे झाला आणि हात जोडल्यासारखं करून हळू म्हणाला, "काका, माझं नाव लिहा, चालेल. मिस्त्री मी आणतो. फक्त त्यांना चांगलं सांगा."

"कागदावर एक आणि तोंडाने एक, हे मला जमत नाही, ललित."

वैशाली भिंतीपाशी होती ती हळूच खाली बसली. सुनंदाबाईंचा पदर तिच्या हाताला लागला, तोच तिने धरला. "काकू, तुम्ही सांगा ना काकांना. तुम्ही तर रोज वर यायच्या. आम्ही भिंतीला एक खिळा तरी ठोकला का कधी? कॅलेंडरसुद्धा दाराला लावलं, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. सगळं माहीत होतं. डोहाळे लागले तेव्हा हीच पोरगी खाली येऊन बरणीतलं कैरीचं लोणचं उभ्याने खात होती. आणि आता हिचा संसार दुसऱ्याच्या ओट्यावर उन्हात तापतोय, का, तर एका म्हातारीला झोक्याची हौस आली! सुनंदाबाईंना इतकी लाज वाटली की भीती त्या लाजेखाली दबूनच गेली.

"थांबा," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं त्यापेक्षा ते फार मोठ्याने निघालं. "तो तडा माझा आहे."

सुधाकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझा म्हणजे?"

"मी पाडला."

"तू कशी पाडशील? तुझा हात पोचतो का तिथे?"

"हाताने नाही हो. मी काल या कडीला झोका बांधला होता. बांधला, आणि पाऊण तास खेळले."

फोनमधून मधुकरराव ओरडले, "काय बांधला म्हणतात?"

"झोका!" तेजस्विनीने वाकून फोनला सांगितलं.

"तुझे तर गुडघे दुखत होते," सुधाकरराव म्हणाले.

"दुखतच होते. झोक्यावर गुडघे लागत नाहीत."

आता मनकर्णाबाई उठल्या, कमरेला पदर खोचला. "मी बी होती, भाऊ. दोर माह्या, गाठ माह्यी, आन वजन तं माह्यंच. तिच्या एकटीच्यानं छत पडलं नसतं."

"तुम्ही पंच आहात!"

"मंग? पंचानं सारं आपल्या डोयानं पाह्यलं नं!"

तेजस्विनीला पहिल्यांदा हसू फुटलं. मग ललितला. वैशाली पोट धरून हसायला लागली आणि तिला हसू नको म्हणून सगळे सांगायला लागले तर ती आणखीनच हसली. सुधाकरराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पण का, सुनंदा?" आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "सांगितलं असतंस."

"काय सांगितलं असतं? वय काय, आणि हे काय, असंच म्हणाला असतात." सुनंदाबाई बोलायला लागल्या आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, की हे सगळं आत असं तयार करून ठेवल्यासारखं होतं. "भावाने रावेरचं घर विकलं त्याला एकोणीस वर्षं झाली. अखजीला सगळ्या गल्लीतल्या बाया माहेरी जातात, नाहीतर लेकी माहेरी येतात. मी तुमच्या पितरांची घागर भरते. भरते, त्याचं काही नाही. पण मला कोणी बोलवत नाही हो, आणि मला वाईट वाटतं. दरवर्षी वाटतं. काल वरची कडी एक दिवस मोकळी होती. एकच दिवस. बांधला झोका. तडा पडला त्याचं मला वाईट वाटलं, झोका खेळल्याचं नाही वाटलं. फार बरं वाटलं मला काल."

मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुधाकररावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. फोन अजून चालूच होता.

"मधुकर," ते म्हणाले, "किल्ली दे. चार वर्षांत या पोरांनी माझ्या भिंतीला टाचणी टोचली नाही. उत्तम माणसं. नुकसान माझ्या घरातल्याच माणसाने केलंय."

"कोणी रे?"

"तेच लिहितोय. ठेव आता."

ललितने वाकून दोघांच्या पाया पडायला सुरुवात केली, वैशालीला वाकता येईना म्हणून तिने सुनंदाबाईंना मिठीच मारली. "काकू, पुढच्या वेळी सांगा हां, मी गाणी म्हणेन," ती कानात म्हणाली. तेजस्विनीने चौकशी केली की मिस्त्री येईपर्यंत ती उकडून मरणार का. सुनंदाबाईंनी आमचा कूलर वर येतोय म्हणून सांगितलं, आणि सुधाकरराव हे पहिल्यांदाच ऐकत होते तरी त्यांनी मान हलवली.

पण कागद पुरा व्हायचा होता. सुधाकररावांनी ललितचं नाव खोडलं, खोडलेल्यावर छोटी सही केली. मनकर्णाबाईंना पंचपदावरून कमी केलं आणि तेजस्विनीला पंच नेमलं. "कारण?" त्यांनी सवयीने विचारलं.

"अखजी," सुनंदाबाई म्हणाल्या.

वादळ, गारपीट, अतिवृष्टी एवढीच कारणं आयुष्यभर लिहिलेल्या माणसाने एक क्षण विचार केला आणि लिहिलं, अखजी. मग शेवटच्या रकान्यात झरझर काहीतरी लिहून कागद काढायला घेतला. सुनंदाबाईंनी वाकून बघितलं. "उत्तरदायी: गृहस्वामी, सुधाकर महाजन."

"हे काय?"

"बरोबर आहे ते. घरच्या माणसाने केलं की जबाबदार मालक. नियमच आहे तसा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असू दे गं. उद्या कोणीही भाडेकरू फाइल वाचेल आणि तुला हसेल. तुझं नाव कशाला?"

मायेनेच म्हणाले ते. तासाभरापूर्वी कोणी असं म्हणालं असतं तर सुनंदाबाईंनी त्याला दोन वाट्या रस जास्त वाढला असता. आता त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"झोका कोण खेळलं?"

"तू."

"मग?" त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "घर तुमच्या नावावर. नळ तुमच्या नावावर, लाइट तुमच्या नावावर. दारावरची पाटी तुमच्या नावाची. हे घर बांधलं त्याला पंचवीस वर्षं झाली, आणि त्याच्या एका कागदावर मी नाही. एवढा एक तडा तरी माझ्या नावावर असू द्या."

सुधाकररावांनी छत्तीस वर्षं लोकांच्या नावावर शेतं चढवली होती, बापाची मुलाच्या, मुलाची नातवाच्या, कुठे कुठे विधवांच्या, भांडणं सोसून, उन्हातान्हात फिरून. त्यांनी कागद परत पुठ्ठ्याला लावला. मग त्यांनी स्वतःचं नाव खोडलं. खोडलेल्यावर छोटी सही केली.

"पूर्ण नाव?" तोंडून निघून गेलं, आणि ते एकदम ओशाळले.

"सुनंदा सुधाकर महाजन," सुनंदाबाई म्हणाल्या. जरा थांबल्या. "आणि पुढे 'रावेरवाली', असंही लिहा."

त्यांनी लिहिलं. नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात, सावकाश, शेताचा उतारा लिहावा तसं नीट. सुनंदाबाईंनी खाली सही केली.

"आता वाचा," त्या म्हणाल्या.

सुधाकरराव खुर्चीतून उठले. घसा साफ केला. "हॉल की छत, कड़ी के पास दरार. कारण, अखजी. उत्तरदायी, श्रीमती सुनंदा सुधाकर महाजन, रावेरवाली."

सुनंदाबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.